पासष्टाव्या घराला एक कमी

आज एकाच संख्येची ओळख करून द्यावयाची आहे. ती अशी : १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

वीस अंकांची ही संख्या आपल्या नेहमीच्या लाख-कोटींत वाचू लागलो तर जीभ अडखळते. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकं, दहं, शतं असे करीत थेट परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. त्या नावांनी वाचावयाचे तर ही संख्या होते १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, ९ प्रयुत, ५ लक्ष, ५ अयुत, १ सहस्र, ६ शत, पंधरा. निखर्व आणि कोटी या दोन घरांत शून्य असल्यामुळे त्यांची नावे गळली आहेत. म्हणजे आपल्या पूर्वजांनी ज्या शेवटच्या स्थानाला नाव देऊन लेखणी खाली ठेवली, त्या परार्धाच्याही पलीकडे ही संख्या दोन पावले गेली आहे.

तिची कथा बहुतेकांच्या कानांवर आलेली असेल. बुद्धिबळाचा खेळ शोधून काढणाऱ्याला राजाने ‘हवे ते माग’ म्हटले. त्याने पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे प्रत्येक घरात दुप्पट करीत चौसष्ट घरे भरून मागितली. राजा हसला, आणि मग त्याच्या कोठारांचे हिशेबनीस रडकुंडीस आले. ही कथा हिंदुस्थानात घडली असे सांगणारे जुने लेखक मात्र अरबी भाषेत लिहिणारे आहेत. तेराव्या शतकात इब्न खल्लिकान याने ती लिहून ठेवली. आणि त्याच्याही आधी, इसवी सन १००० च्या सुमारास, अल् बिरूनी याने पटावरील दाण्यांची बेरीज करून नेमकी हीच वीस अंकांची संख्या दिली. मागणाऱ्याचे पुढे काय झाले याविषयी कथाकारांचे एकमत नाही. त्यात आपण पडावयास नको.

प्रथम बेरीज कशी करावयाची ते पाहू, कारण तिच्यातच या संख्येचे निम्मे मर्म आहे. चौसष्ट घरांतील दाणे एकामागून एक मांडून बेरीज करण्याची गरज नाही. पहिल्या दोन घरांत १ आणि २, मिळून ३. तिसऱ्या घरात ४. पहिल्या तीन घरांत मिळून ७, चौथ्यात ८. पहिल्या चारांत १५; पाचव्यात १६. प्रत्येक घरात, मागील सर्व घरे मिळून जितके दाणे झाले त्याहून बरोबर एक दाणा अधिक असतो. तेव्हा चौसष्ट घरांची बेरीज म्हणजे पटाला पासष्टावे घर असते तर त्यात ठेवावे लागले असते त्याहून एक दाणा कमी. पासष्टाव्या घरात असते २ चा ६४ वा घात. आपली संख्या त्याला एकाने कमी आहे. ‘शेवटचे घर मागच्या सर्वांना एकाने भारी’ हा नियम मनात ठेवावा. पुढे त्याची गाठ पुन्हा पडणार आहे.

आता २ चा ६४ वा घात काढावयाचा. चौसष्ट वेळा दुप्पट करणे हा कंटाळवाणा मार्ग झाला. पिंगलाने ‘छंदःशास्त्रा’त याहून फार सुरेख रीत दिली आहे. पिंगलाचा प्रश्न गव्हाचा नव्हता, वृत्तांचा होता. चरणात अमुक अक्षरे असतील आणि प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू असू शकत असेल, तर एकंदर किती प्रकार होतील? प्रत्येक अक्षराला दोन पर्याय, म्हणून उत्तर दोनाच्या घातांत येते. पिंगल म्हणतो, अक्षरसंख्या सम असेल तर निम्मी करा आणि तशी खूण करा. विषम असेल तर एक वजा करा आणि दुसरी खूण करा. असे शून्यापर्यंत जा. मग एकापासून आरंभ करून खुणा उलट क्रमाने वाचा : ‘वजा’च्या खुणेला दुप्पट, ‘निम्मे’च्या खुणेला वर्ग. सहा अक्षरांचा चरण घ्या. सहाचे निम्मे तीन, एक वजा दोन, निम्मे एक, एक वजा शून्य. उलट या : एकाची दुप्पट २, वर्ग ४, दुप्पट ८, वर्ग ६४. सहा अक्षरी चरणाचे प्रकार चौसष्ट, म्हणजे पटावर जितकी घरे तितकेच! हा योगायोग आहे, पण गोड आहे.

चौसष्टाला हीच रीत लावली तर सहा वेळा निम्मे होऊन एक उरतो. म्हणून २ पासून निघून सहा वेळा वर्ग केला की काम झाले : ४, १६, २५६, ६५,५३६, ४,२९,४९,६७,२९६, आणि सहाव्या वर्गाला १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. यातून एक वजा करा. संगणकाला मोठे घात काढावयास शिकवितानाही आज हीच वर्गाची युक्ती वापरतात.

गव्हाचे वजनही पाहून घेऊ. एका ग्रॅमला साधारण पंचवीस दाणे धरले तर पहिल्या ओळीतील आठ घरांचे २५५ दाणे म्हणजे अवघे दहा ग्रॅम. मूठही भरावयाची नाही. दोन ओळींचे ६५,५३५ दाणे म्हणजे अडीच किलोंहून थोडे अधिक, दोन-चार दिवसांच्या पोळ्यांची कणीक. पहिल्या चार ओळी, म्हणजे अर्धा पट, भरावयास सुमारे १७२ टन गहू लागेल. ही रक्कम मोठी खरी, पण कोणत्याही बऱ्यापैकी राजाला न परवडणारी नव्हे. अर्ध्या पटापर्यंत राजाचे हसू टिकले असते. उरलेल्या अर्ध्याने सगळा घोटाळा केला, कारण पूर्ण पटाचा गहू होतो सुमारे ७३,७८७ कोटी टन. अलीकडे सगळ्या जगात मिळून वर्षाला सुमारे ८० कोटी टन गहू पिकतो. आजच्या जगाने नऊशे वर्षांहून अधिक काळ गहू पिकवावा आणि त्यातला एक दाणाही खाऊ नये, तेव्हा राजाचे वचन पुरे होईल.

येथवर झाली संख्येची अंगकाठी. तिचे अंतरंग अवयवांत आहे. संख्येच्या शेवटी ५ आहे म्हणून तिला ५ ने भाग जातो. अंकांची बेरीज ८७ येते, म्हणून ३ ने जातो पण ९ ने जात नाही. बाकीचे अवयव शोधावयास भागाकार करीत बसण्याची आवश्यकता नाही. शाळेतले सूत्र आठवावे : दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. पटावर ते डोळ्यांना दिसते. दोन घरांचे दाणे ३. चार घरांचे १५, म्हणजे ३ × ५. आठ घरांची पूर्ण ओळ २५५, म्हणजे १५ × १७. दोन ओळी ६५,५३५, म्हणजे २५५ × २५७. चार ओळी ४,२९,४९,६७,२९५, म्हणजे ६५,५३५ × ६५,५३७. आणि आठ ओळी, म्हणजे आपली संख्या, ही अर्ध्या पटाला ४,२९,४९,६७,२९७ ने गुणून येते. पट दुप्पट केला की दर वेळी एक नवा गुणक लागतो आणि तो मागे आलेल्या वर्गाहून एकाने अधिक असतो.

३, ५, १७, २५७, ६५,५३७ : हे पाचही गुणक मूळसंख्या आहेत. ही गोष्ट सतराव्या शतकात पिएर द फर्मा या फ्रेंच न्यायाधिकाऱ्याच्या ध्यानी आली. गणित हा त्याचा फावल्या वेळेचा छंद, पण अशा छंदाला व्यवसायही लाजावा. १६४० साली त्याने पत्रातून आपला विश्वास कळविला की या रीतीने येणारी प्रत्येक संख्या मूळच असणार. सिद्धता आपल्यापाशी नाही, हेही त्याने प्रांजळपणे सांगितले. पाच वेळा नियम खरा ठरला होता. सहावा गुणक दहा अंकी, त्याला भागून पाहावयाचे तर हजारो भागाकार. कोण करणार?

नव्वद वर्षे कोणी केले नाहीत. १७२९ मध्ये गोल्डबाखने पत्रातून तरुण ऑयलरचे लक्ष या प्रश्नाकडे वेधले आणि १७३२ मध्ये ऑयलरने सांगून टाकले की ४,२९,४९,६७,२९७ ला ६४१ ने भाग जातो. भागाकार येतो ६७,००,४१७. फर्माचा तर्क फुटला. ऑयलरने आंधळेपणाने भागाकार केले नव्हते. या संख्येचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीहून एकाने अधिकच असला पाहिजे, हे त्याने पुढे सिद्ध केले. त्या यादीत मूळसंख्या येतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या प्रयत्नाला दार उघडते!

६४१ ने भाग जातो हे प्रत्यक्ष न भागता दाखवावयाचे एक कौशल्य आहे. ते वाचकांनी एकदा कागदावर करून पाहावे. ६४१ दोन प्रकारे लिहा. एक, ६४० अधिक १. आणि ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा सातवा घात. दुसरा, ६२५ अधिक १६, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. आता ६४० ला ६४१ पूर्ण होण्यास एक कमी पडतो. तेव्हा भागाकारात त्याची बाकी ‘उणे एक’ समजू. उणे एकाचा चौथा घात एक. म्हणून ६४० च्या चौथ्या घाताची बाकी १. पण ६४० चा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा अठ्ठाविसावा घात. ६२५ ला ६४१ पूर्ण होण्यास १६ कमी, म्हणून त्याच्या जागी ‘उणे १६’ ठेवा. उणे १६ गुणिले २ चा अठ्ठाविसावा घात, म्हणजेच उणे २ चा बत्तिसावा घात. त्याची बाकी १. अर्थात २ च्या बत्तिसाव्या घाताची बाकी उणे १, आणि त्यात एक मिळविला की शून्य. एवढ्या ओळींत फर्मासारख्याचा विश्वास ढासळतो. फर्माला हे दिसले असते तर त्यालाच सर्वांत अधिक आनंद झाला असता, असे मला वाटते.

६७,००,४१७ ही मूळसंख्याच आहे. तेव्हा आपल्या संख्येचे मूळ अवयव सात : ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. सातही वेगवेगळे, एकही दोनदा नाही. म्हणून तिचे एकंदर विभाजक १२८, म्हणजे पुन्हा दोनाचाच घात. फर्माच्या पाच मूळसंख्यांच्या पुढे त्या जातीची सहावी आजपर्यंत कोणास सापडलेली नाही.

त्या पाचांचे मोल मात्र वेगळ्याच बाजारात ठरले. १७९६ च्या मार्चमध्ये, वयाची एकोणीस वर्षे पुरी होण्याआधी, गाउसने दाखविले की केवळ खुणा नसलेली पट्टी आणि कंपास यांनी सतरा समान बाजूंची आकृती काढता येते. ग्रीकांना तीन, पाच आणि पंधरा माहीत होते. सतराची कल्पना दोन हजार वर्षे कोणास शिवली नव्हती. पुढे गाउस आणि वांत्सेल यांच्या कामातून नियम स्पष्ट झाला : विषम बाजूंची समभुज-समकोन आकृती तेव्हाच काढता येते, जेव्हा तिची बाजूसंख्या फर्माच्या वेगवेगळ्या मूळसंख्यांचाच गुणाकार असते. आपल्या पटाच्या भाषेत सांगायचे तर अर्ध्या पटावरील दाण्यांचे जितके विभाजक, एक सोडून, तितक्या विषमभुज आकृती आज आपणास काढता येतात. त्या एकतीस आहेत. अर्ध्या पटापर्यंत फर्मा खरा होता, पुढच्या अर्ध्यात चुकला. राजाचेही तसेच झाले होते.

याच संख्येची दुसरी कथा काशीची म्हणून सांगतात. विश्वेश्वराच्या नगरीत एका देवळात हिऱ्याच्या तीन सुया आहेत. एकीवर सोन्याच्या चौसष्ट चकत्या, मोठीवर लहान अशा रचलेल्या. पुजारी रात्रंदिवस एकेक चकती हलवीत असतात, लहानीवर मोठी ठेवावयाची नाही, आणि सगळा मनोरा दुसऱ्या सुईवर गेला की प्रलय. ही कथा आपल्याकडचे लोकही अभिमानाने सांगतात, म्हणून स्पष्ट लिहितो : असे देऊळ काशीत नाही. एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ मध्ये हे कोडे खेळणे म्हणून बाजारात आणले, तेही आपल्या नावातील अक्षरे फिरवून केलेल्या ‘क्लाऊस’ या टोपणनावाने; आणि काशीच्या देवळाची हकीकत पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका फ्रेंच लेखकाने छापली. पिंगलाची रीत आपली आहे आणि ती आपल्यातल्या फारच थोड्यांना ठाऊक असते. देऊळ आपले नाही, आणि ते सर्वांना ठाऊक!

कोडे मात्र अस्सल आहे. सर्वांत खालची चकती हलवावयाची तर वरच्या त्रेसष्ट आधी बाजूला न्याव्या लागतात आणि नंतर पुन्हा तिच्यावर आणाव्या लागतात. म्हणजे दर नव्या चकतीला चाली दुप्पट अधिक एक. एका चकतीला १, दोहोंना ३, तिहींना ७, आणि चौसष्टांना आपली संख्या. घरात लहान-मोठ्या डब्यांची पाच झाकणे घेऊन मुलांना ३१ चालींत हे करावयास लावावे. पावसाळी दुपार बरी जाते. सेकंदाला एक चाल धरली तर पुजाऱ्यांना ५८,४९४ कोटी वर्षे लागतील. विश्वाचे आजवरचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानतात. ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे कल्प, पुराणांच्या हिशेबाने ४३२ कोटी वर्षांचा. तेव्हा या कामाला एकशे पस्तीस कल्प लागतील.

भास्कराचार्यांनीही असाच प्रश्न घातला आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखामुळे ज्यांचे घराणे आपणा मराठी माणसांना विशेष जवळचे वाटते, त्या भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (सन ११५०) एक दाता याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि रोज दुप्पट देण्याचे वचन देतो. एका महिन्यात किती निष्क दिले? उत्तर २,१४,७४,८३,६४६ कवड्या. म्हणजे १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. या उत्तरात एक मिळवा. २,१४,७४,८३,६४७ ही मूळसंख्या आहे हे ऑयलरने १७७२ मध्ये सिद्ध केले. आणि जुन्या पद्धतीच्या बत्तीस खणी संगणकांना मोजता येणारी सर्वांत मोठी संख्याही हीच. अशी यंत्रे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून तारीख ठरवितात. १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्या वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी त्यांचे मोजमाप संपेल. म्हणून यंत्रे चौसष्ट खणी केली जात आहेत. चौसष्ट खणांत मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या कोणती, हे आता सांगावयास नको.

दात्याची कवडी अजून घरोघर फिरते आहे, म्हणून थोडे व्यवहाराचे. ‘तुम्ही पैसे भरा, दोघांना आणा, ते प्रत्येकी दोघांना आणतील’ अशा साखळी योजना आपल्यासारख्या विखुरलेल्या समाजात विशेष पसरतात. कारण इंदूर, बडोदे, बेळगाव, कोठेही असो, मराठी घरे एकमेकांना ओळखतात आणि नात्यातल्या माणसाला ‘नाही’ म्हणणे अवघड जाते. कायदा त्यास मना करतो. १९७८ चा अधिनियम त्यासाठीच झाला. पण कायदा नसता तरी पट आहे. पहिल्या रांगेत एक माणूस, दुसरीत दोन, तिसरीत चार. तेहतिसावी रांग भरावयाची तर एकूण ८५९ कोटी माणसे लागतात. जगाच्या लोकसंख्येने ८०० कोटींचा टप्पा ओलांडला तो २०२२ मध्ये.

कोणी म्हणेल, तेहतीस रांगांपर्यंत कोण जातो, आम्ही आरंभीच्या रांगांत आहो. येथे तो नियम आठवावा : शेवटचे घर मागच्या सर्वांना एकाने भारी. साखळी कोठेही तुटो, पाचव्या रांगेवर तुटो की पंचविसाव्या, अर्ध्याहून अधिक माणसे शेवटच्या रांगेत असतात आणि त्यांच्या हाती काही येत नाही. भरलेले पैसे सुटावयास खाली तीन पूर्ण रांगा भराव्या लागत असतील, तर तळाच्या तिन्ही रांगा बुडतात. म्हणजे आठांपैकी सात जण. योजना चालविणारा प्रामाणिक असला तरी हे बदलत नाही. आणि ती सात घरे कोणाची? ज्यांना आपण, किंवा आपण आणलेल्यांनी, बोलावून आणले त्यांची. पुढच्या वेळी कोणी आते-मामेभाऊ तक्ता घेऊन दिवाणखान्यात बसला तर त्याच्याशी वाद न घालता त्याच्याच कागदावर १, २, ४, ८ मांडावे आणि प्रत्येक रांगेखाली मागच्यांची बेरीज लिहावी.

जाता जाता शेजारच्या संख्येविषयी. आपल्या संख्येत दोन मिळविले की १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१७ येते. हा फर्माच्या जातीचा पुढचा, सातवा गुणक, म्हणजे पटाला आणखी एक पट जोडल्यास लागणारा. हाही मूळ नाही. १८८० मध्ये लांद्री या वयोवृद्ध फ्रेंच गणितज्ञाने त्याचे दोन मूळ अवयव प्रसिद्ध केले, त्यांतील लहान आहे २,७४,१७७. ही संख्या २५६ च्या पटीहून एकाने अधिक आहे हे प्रथम पडताळून पाहावे. मग ज्यांच्या घरी पाढे पाठ असलेले कोणी वडीलधारे असतील त्यांनी कागद मोठा घेऊन भागाकार करावा. उत्तर चौदा अंकी आले पाहिजे, शेवटचा अंक १, आणि बाकी शून्य.